मजुरीच्या हिशेबातले शिष्यत्व
नियमित उपासना आणि बायबलवाचन सांभाळले की येशूचे शिष्यत्व पुरे होते, हे मत मला अपुरे वाटते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 19) जक्कय या जकातदाराने येशूचे स्वागत केल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. त्याचा पालट थेट व्यवहारात उतरला. निपाणीकडे दर हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर विड्या वळणाऱ्या बायकांचा चांगला मालही ‘छाट’ (नापास माल) ठरवून त्याचे पैसे बुडवणारा ठेकेदार ख्रिस्ती असेल, तर त्याची परीक्षा त्या मोजणीपाशीच होते, आणि अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल याकोबाच्या पत्राने (5:4) दिलेला इशारा त्यालाही लागू पडतो. बेळगावात मराठी-कन्नड वाद पेटलेला असताना शेजाऱ्याशी सौजन्याने वागणे मात्र याहून अवघड, कारण तिथे आपल्याच माणसांची नाराजी पत्करावी लागते.