मदत हवी आहे: शापुरजी सकलातवालांची १९२७ मधली मुंबईतली भाषणे

मुंबईत जन्मलेले, जमशेटजी टाटांचे भाचे शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून मजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेत गेले. १९२३ ला हरले, १९२४ ला कम्युनिस्ट म्हणून पुन्हा निवडून आले. १९२६ च्या सार्वत्रिक संपात हाइड पार्कवरच्या भाषणासाठी दोन महिने तुरुंगात गेले, १९२९ ला जागा गेली. एवढा मोठा माणूस, आणि मराठीत त्याच्यावर किती थोडे लिहिले गेले आहे!

संसदेतली भाषणे हॅन्सार्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या छापील नोंदींमध्ये, ऑनलाइन मिळाली. गांधीजींशी झालेला पत्रव्यवहारही वाचला. गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात छापलेले त्यांचे उत्तर तर दोनदा. अडले आहे ते १९२७ च्या भारत दौऱ्यापाशी. मुंबईच्या कामगारांपुढे ते काय बोलले, हे मला त्या वेळच्या मराठी वृत्तपत्रांतून हवे आहे. इंग्रजी बातम्या माझ्याकडे आहेत, त्या नकोत.

मी नागपूरला असतो, मुंबई-पुण्यासाठी मिळून चारच दिवस काढता येतील. ‘नवाकाळ’ आणि ‘केसरी’चे जानेवारी ते एप्रिल १९२७ चे अंक नेमके कुठे बघायला मिळतात, आणि पानांचे फोटो काढू देतात का?