मदत हवी आहे: लग्नपत्रिकेत बोदोनीच्या बारीक रेषा बुजताहेत

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाची लग्नपत्रिका मीच करतोय. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, कारण वहिनीच्या माहेरची माणसं चेन्नईची. पांढरा हातकागद, त्यावर गडद मरून रंग आणि अक्षरं कोरी सोडलेली.

इंग्रजीसाठी बोदोनी मोडा हा फॉन्ट घेतला. इटलीतल्या पार्मा शहरात जांबात्तिस्ता बोदोनीने घडवलेल्या अक्षरांवर बेतलेला, आणि फुकट. उभी रेघ भरदार, आडवी केसासारखी, सेरिफही (अक्षराच्या टोकाची छोटी पट्टी) नुसती एक रेघ. नावं ३० पॉइंटात लावली तर आई म्हणाली, "आता नक्षी नको, नावंच पुरे."

काल प्रूफ आलं. वहिनीच्या नावाची सुरुवात कॅपिटल एनने होते. बोदोनीत एनचे दोन्ही खांब बारीक आणि तिरकी रेघ जाड. खांब शाईत बुजले, उरली फक्त तिरकी रेघ! खाली ९ पॉइंटातल्या पत्त्यात 'ई'ची आडवी रेघ गेली, म्हणून तो 'सी' वाचला जातोय. प्रेसवाले म्हणतात बोल्ड करा. करून पाहिलं, जाड रेघ फुगते, बारीक जवळपास तशीच.

दुसरी अडचण मराठीची. रोझा वन हा देवनागरी फॉन्ट लावून पाहिला. देखणा आहे, पण एकच वजन आणि तेही जाडजूड. पोस्टरला शोभेल, "आमचे येथे श्रीकृपेकरून"ला नाही. बोदोनीच्या जोडीला काय लावू? शुक्रवारी फाईल द्यायची आहे.

प्रतिसाद

दादा, हातकागद शाई पितो, शाई पसरते आणि कोरी सोडलेली बारीक रेघ दोन्हीकडून भरून येते. त्यात मरून चार रंगांतून काढत असाल तर रंग केसभर सरकला तरी रेघ गेली. मरून एकाच स्पॉट कलरमध्ये, म्हणजे आधीच मिसळलेल्या एका शाईत घ्या.

फॉन्ट बदलू नका. बोदोनी मोडात ऑप्टिकल साइझ, म्हणजे छापायच्या आकारानुसार अक्षराची घडण बदलणारी सेटिंग, ६ ते ९६ मिळते. आकडा लहान, तेवढी बारीक रेघ दणकट. नावांना मोठा आकडा लागला असेल, हाताने ११ करा. पत्त्याला ६.

मराठीत बोदोनीची नक्कल शोधू नका. त्याची बारीक रेघ टोकदार निबाच्या वळणाची. आपली अक्षरं बोरूची: शिरोरेषा आणि काना दोन्ही भरीव, बारीक होतात त्या तिरक्या जागा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट बघा. 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! ११ केल्यावर एनचे खांब पडद्यावरच जाड दिसले. टिरोत मराठी नावं ३० पॉइंटला फिकी पडतील का?

प्रतिसाद

थोडी पडतील. ३६ करून त्याच कागदावर एक प्रूफ मागा.