माशाचं तेल, मुलाचा संताप आणि माझा: तुमचे अनुभव सांगाल का?

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ आणि उतावळेपणा असतो, असा विकार) असल्याचं निदान झालं. डायरीत रोज शेरा, गृहपाठाला बसवलं की आदळआपट, आणि रात्री तो झोपला की त्याच्या उशाशी बसून मी रडायचे, कारण दिवसभर मीही त्याच्यावर खेकसलेली असायचे. समुपदेशन चालू होतंच. याला माशाच्या तेलाचा उपयोग होईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "देऊन बघा. पण त्याच्या भरवशावर बाकीचं काही बंद करू नका."

तीन महिने दिलं. रोज रात्री वहीत तीन रकाने भरले: गृहपाठाला किती वेळ लागला, आदळआपट किती वेळा झाली, मी किती वेळा ओरडले. पहिला रकाना जवळपास तसाच राहिला. दुसरा थोडा उतरला. तिसरा निम्म्यावर आला, आणि तेल तर मी घेतलंच नव्हतं.

मग मॉरिशसचा अभ्यास वाचनात आला. (तिथे आपल्या कोकणातून गेलेल्यांची मराठी वस्ती आहे, म्हणून आधी नावावरच नजर थांबली.) २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८ ते १६ वर्षांच्या २०० मुलांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज फळांच्या रसातून एक ग्रॅम ओमेगा-३ (माशाच्या तेलातला मुख्य घटक) दिलं, उरलेल्यांना नुसता रस. तो बंद करून सहा महिने झाल्यावरही पहिल्या गटातल्या मुलांचं वागणं पालकांना सुधारलेलं दिसलं, आणि त्या पालकांचा स्वतःचा आक्रमकपणाही कमी झाला होता. मूल निवळलं म्हणून आमचं घर निवळलं, की वही समोर असल्यामुळे मीच जिभेला आवर घातला? मला खरंच जाणून घ्यायचंय. काहीच फरक पडला नसेल तर तेही लिहा, त्याची जास्त गरज आहे.

नवी मुंबईतला बाबा

आम्हाला फरक पडला नाही. मुलगी आठ वर्षांची. चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की डबीवर पुढे ठळक अक्षरात असलेले १००० मिलिग्रॅम म्हणजे एकूण तेल. मागे बारीक अक्षरात ओमेगा-३चे दोन प्रकार: ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे कामाचं ३००च. मॉरिशसच्या मुलांएवढं द्यायचं तर अशा तीन-चार गोळ्या रोज लागतील. डॉक्टरांना विचारून ईपीए जास्त असलेलं तेल आणलं, तरी वस्तू हरवणं आणि वर्गात लक्ष नसणं जिथल्या तिथे. २०११ मध्ये दहा चाचण्यांमधल्या ६९९ मुलांचे आकडे एकत्र तपासले गेले. परिणाम आहे, पण छोटा, नेहमीच्या औषधांपेक्षा बराच कमी, असं त्यातून निघालं. शेवटी आम्ही औषध सुरू केलं. तेलाच्या आशेवर वर्षभर ते लांबवलं याचं वाईट वाटतं. ते वर्ष तिला शाळेत फार एकटीनं काढावं लागलं.

कोल्हापूरची प्राथमिक शिक्षिका

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई दर शनिवारी विचारायची, "बाई, आता शांत बसतो ना?" तिला घरी फरक दिसत होता. मला वर्गात दिसत नव्हता, आणि तिच्याकडे बघून तसं सांगणं जड जायचं. ऑक्सफर्डच्या संशोधकांचा २०१२चा एक अभ्यास आहे. वाचनात मागे असलेली ७ ते ९ वर्षांची ३६२ मुलं, शैवालापासून काढलेलं ६०० मिलिग्रॅम डीएचए, १६ आठवडे. आपल्या मुलाच्या गोळीत खरं तेल आहे की नाही हे पालकांनाही ठाऊक नव्हतं, तरी डीएचए मिळालेल्या मुलांचं वागणं सुधारल्याची नोंद त्यांनी केली. शिक्षकांच्या नोंदीत मात्र तसं काही आलं नाही. वाचन सुधारलं ते अगदी मागे असलेल्या मुलांचंच. पुढे तोच प्रयोग पुन्हा केला, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला, आणि पहिले फायदे दिसले नाहीत.

म्हणून त्या आईचं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिच्यापुढे एक मूल असतं, माझ्यापुढे अडतीस. तिला दिसतं ते मला दिसणार नाही. पण आता मी पालकांना सांगते, घरची वही ठेवा आणि शाळेतही विचारा.

मालवणची आजी

आमची लेक पुण्याला. नातवासाठी गोळ्या आणते म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "अगो, पेडवे गावतत तर गोळी कित्याक व्हयी?" बांगडा, तारले, पेडवे हे तेलाचे मासे, आणि पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त. नातू मे महिन्यात येतो तेव्हा तिरफळ घातलेलं तारल्यांचं तिखलं दोन वेळा मागून खातो. महिनाभर इथे चिडत नाही. आता ते माशामुळे की दिवसभर पाण्यात असतो, रात्री नऊला झोपतो म्हणून, ते मी कसं सांगू? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, मग श्रावण. तेवढ्या दिवसांत लेकीने गोळी दिली तर मी काही म्हणत नाही.

नागपूर, शाकाहारी घर

आमच्याकडे जवसाची चटणी रोज ताटात असते, त्यामुळे ओमेगा-३ भरपूर असं आम्ही धरून चाललो होतो. जवसातलं ओमेगा-३ वेगळं. शरीर त्यातलं अगदी थोडंच ईपीए-डीएचएत बदलतं, हे आहारतज्ज्ञांकडून कळलं. शैवालाचं तेल मिळतं, महाग आहे. बहुतेक गोळ्यांचं आवरण जिलेटिनचं असतं, तेव्हा हिरवा ठिपका बघूनच घ्या. चार महिने झाले, मुलात फरक सांगता येत नाही.

पुणे

मुलगी सतत किरकिर करायची, संध्याकाळी तर हात लावू द्यायची नाही. तेल दिलं, ढेकरांना वास येतो म्हणून तीही वैतागली. रक्त तपासलं तर लोह फार कमी. त्यावर उपचार केल्यावर दोन महिन्यांत पोर हसायला लागली. आधी तपासणी करा, एवढंच.

सांगली, दोन वर्षांच्या मुलीची आई

मी माझ्या मनासाठी घेतलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात बाळ रडलं तरी उठावंसं वाटेना. घरात सगळे म्हणत, बाळंतिणीला होतंच असं. कुणी तरी माशाचं तेल सुचवलं आणि मी दोन महिने रोज सकाळी आज बरं वाटेल, आज बरं वाटेल करत वाट पाहिली. शेवटी नवरा मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. औषध आणि बोलणं, दोन्हींनी मी वर आले. डॉक्टरांनी तेल बंद केलं नाही. ईपीए जास्त असेल तर औषधाच्या जोडीला उपयोग होऊ शकतो, म्हणाले. जोडीला, त्याच्या ऐवजी नाही. ज्यांना आज माझ्यासारखं होतंय त्यांनी १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एडीएचडीवर उपचार म्हणून ही तेलं सुचवू नयेत असं स्पष्ट आहे. आमच्या डॉक्टरांनी पालकांसाठीच्या प्रशिक्षण वर्गाला पाठवलं. मुलाआधी मी बदलले, आणि ताई, तुमचा तिसरा रकाना वाचून मला तेच आठवलं.

ठाणे

एक सांगायचं राहतंय. घरात कुणाला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय माशाचं तेल मोठ्या मात्रेत घेऊ नका. आणि कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. मात्रा वाढवायची म्हणून ते दुप्पट दिलं तर अ जीवनसत्त्व जास्त होतं.

सुरुवातीला प्रश्न विचारणारी आई

सगळ्यांचं वाचलं. सांगलीच्या ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. पुढचा महिना तेल बंद, वही चालू, आणि शाळेतल्या बाईंनाही एक वही दिली आहे. लोहाची तपासणी गुरुवारी.