वाफेच्या इंजिनांच्या काळात बोगद्यातला धूर खरोखर जीवघेणा होता का?

प्रश्न : कर्जतकर

नमस्कार. माझे पणजोबा बोरघाटात वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. बोगदा जवळ आला की ते पंचा पाण्यात बुचकळून नाकातोंडाला गुंडाळत आणि बोगदा सरेपर्यंत उकिडवे बसत, असे आजी सांगत असे. हा केवळ काजळी टाळण्याचा उपाय होता, की त्या धुराने माणसे खरोखर दगावत असत?

उत्तर : यंत्रवेडा

दगावत असत. ओला पंचा काजळी अडवतो, परंतु कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. ह्या वायूला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. उकिडवे बसणे मात्र शहाणपणाचेच होते, कारण गरम धूर आधी छताशी साचतो.

नुसता बोगदा पार करण्यात एवढा धोका नसे. खरा घात होई तो चढाच्या बोगद्यात गाडी अडकली म्हणजे. आतले रूळ ओलसर असतात, चाके जागच्या जागी फिरू लागतात, ड्रायव्हर अधिक वाफ सोडतो, त्यामुळे धूर वाढतो आणि तो छतावर आपटून इंजिनावरच परत येतो. पुढे दोन इंजिने जोडलेली असतील तर दुसऱ्याच्या वाट्याला पहिल्याने नासवलेली हवा येते. त्याची आग नीट जळत नाही, वाफेचा दाब उतरतो आणि विषारी वायू आणखी वाढतो, म्हणजे जोर हवा असतो नेमका तेव्हाच इंजिन दम तोडते.

इटलीत बाल्व्हानोजवळ ३ मार्च १९४४ च्या मध्यरात्रीनंतर हेच झाले. युद्धाचे दिवस, कोळसा हलक्या प्रतीचा, आणि मालगाडीत अन्नधान्याच्या शोधात निघालेली शेकडो माणसे दाटीवाटीने बसलेली. पुढे दोन इंजिने असूनही गाडी जवळजवळ दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात चढावर थांबली आणि पाचशेहून अधिक माणसे गुदमरून गेली, त्यांतली बरीचशी झोपेतच. शेवटचे काही डबे बोगद्याबाहेर राहिले होते. वाचले ते मुख्यतः त्यांतले.

स्वित्झर्लंडमध्ये रिकेनच्या बोगद्यात ऑक्टोबर १९२६ मध्ये एक मालगाडी अशीच अडकली. नऊ जण मेले, आणि त्यांतले तिघे सुटकेसाठी आत शिरलेले होते. पुढच्याच वर्षी त्या मार्गावर विजेची इंजिने आली.

उत्तर : लाल बावटा

धुराबरोबर आगीचाही विचार करावा. बोगद्यात ड्रायव्हरने वाफ बंद केली की धुराड्यातली ओढ थांबते आणि भट्टीच्या दारातून ज्वाळा उलट माणसांच्या अंगावर येऊ शकते. म्हणून बोगद्याच्या तोंडाशीच ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफेचा झोत सोडून ओढ कायम ठेवणारी नळी, उघडण्याची शिस्त असे.

दुसरा धोका न दिसण्याचा. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात २५ ऑगस्ट १८६१ रोजी २३ माणसे मेली, ती धुराने नव्हे. पहिली गाडी आत गेल्यावर सिग्नल आपोआप धोक्यावर आला नाही, म्हणून सिग्नलमनने दुसऱ्या गाडीला लाल बावटा दाखवला. पण तो ड्रायव्हरला दिसला की नाही, हे त्याला कळेना. त्याने तारेने पलीकडे विचारले, ‘बोगदा मोकळा आहे का?’ उत्तर आले, ‘मोकळा आहे.’ ते उत्तर पहिल्या गाडीबद्दलचे होते! बावटा दिसलेली दुसरी गाडी आत थांबून मागे सरकत होती, आणि तिसरी तिच्यावर येऊन आदळली. तो सिग्नलमन त्या दिवशी चोवीस तासांच्या पाळीवर होता, ही गोष्ट मला अपघाताइतकीच भयंकर वाटते.

प्रश्नकर्ता : कर्जतकर

दोघांचेही आभार. मग बोरघाटात चढ एवढा खडा असूनही माणसे कशी टिकत?

उत्तर : यंत्रवेडा

चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे खडाच. परंतु १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हाचे २५ बोगदे बहुतेक आखूड होते आणि एकातून बाहेर पडले की दरीतला वारा लागे. मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनावरच्या माणसांचे मात्र हाल होत असणार, कारण ते पुढच्या इंजिनाने भरून ठेवलेल्या धुरातच शिरे. १९२९-३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली तेव्हा कुठे हा जाच संपला.

प्रश्नकर्ता : कर्जतकर

आत्ताच बाबांना विचारले. पणजोबा बँकरवरच असत, आणि तो पंचा आजीने कितीही वेळा उकळला तरी पांढरा झाला नाही.