हेसियन शिपायांबद्दल थोडी भर

वर एका प्रतिसादात हेसियनांबद्दल (म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी भाड्यानं आणलेल्या जर्मन शिपायांबद्दल) 'पैशासाठी लढले आणि जमिनीच्या लोभानं फितूर झाले' असं म्हटलंय, ते पटत नाही. भाड्याची मोठी रक्कम गेली हेस-कासेल या जर्मन संस्थानाचा शासक (लँडग्रेव्ह) फ्रीडरिश दुसरा याच्या खजिन्यात. शिपाई बहुतेक गरीब घरचे, कित्येक सक्तीच्या भरतीतले. ब्रिटिशांकडून लढताना त्यातल्या कित्येकांच्या वाट्याला आलं ते मरण नाहीतर कैद.

१७७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन काँग्रेसनं पळून येणाऱ्याला ५० एकर जमीन देऊ केली, तशी जर्मन पत्रकंही वाटली. पण माणसं वळली ती खरं तर पेनसिल्व्हेनियात. डिसेंबरात न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला नऊशेच्या आसपास हेसियन पकडले गेले; त्यातले बरेच पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला ठेवले. तिथले शेतकरी जर्मनच बोलणारे! कैदी त्यांच्याकडे मजुरीवर जायचे, कापणी करायचे, त्यांच्याच घरी जेवायचे. आपल्या गावाकडे शेतसारा भरून जेमतेम जगणाऱ्याला तिथली कोठारं पाहून काय वाटलं असेल!

१७८२ मध्ये ८० डॉलर भरून सुटायची सोय झाली. पैसे नसतील तर एखादा शेतकरी ते भरायचा आणि कैदी त्याच्याकडे राबून फेडायचा. आलेल्या सुमारे तीस हजारांपैकी पाचेक हजार तिकडेच राहिले असा अंदाज आहे. त्यांना फितूर म्हणवत नाही मला.