वायू उडून गेला तरी आर १३६ तारकागुच्छ टिकला कसा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मोठ्या मॅजेलनी मेघातल्या (आपल्या आकाशगंगेशेजारची छोटी दीर्घिका) टॅरँटुला तेजोमेघाच्या मधोमध असलेल्या आर १३६ बद्दल सध्या वाचतोय. (आपल्याकडून बघायची सोय नाहीच. पुण्यातून तो तेजोमेघ क्षितिजाच्या जेमतेम दोन-अडीच अंश वर येतो, म्हणजे धुरळ्यातच.) वय १०-२० लाख वर्षं, वस्तुमान सूर्याच्या निदान ५० हजार पट. इथवर ठीक.

अडलंय पुढे. गुच्छ जन्मतो थंड वायूच्या ढगात आणि त्यातल्या बऱ्याच वायूचे तारे होतच नाहीत. मोठे तारे पेटले की त्यांचे वारे आणि अतिनील किरण हा उरलेला वायू हुसकावून लावतात. मग तारे ज्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले होते, त्यातला मोठा वाटाच गेला की! निम्म्याहून जास्त वस्तुमान झटक्यात गेलं तर गुच्छ उधळायला हवा. बहुतेक लहान गुच्छ तसे विस्कटतातही. पण आर १३६ घट्टच. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीने मोजलेल्या वेगांवरून २०१२ मध्ये निष्कर्ष आला, की जोडताऱ्यांचा (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा) परिणाम वजा केल्यावर ताऱ्यांच्या वेगांतली तफावत सेकंदाला सहा किमीच्या वर जात नाही. उधळणाऱ्या गुच्छात ती बरीच जास्त दिसली असती.

मग इथे वायू मुळातच कमी उरला होता का? आणि हा पुढे गोलाकार तारकागुच्छ (अब्जावधी वर्षं टिकणारा, चेंडूसारखा दाट गुच्छ) होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

खटपट्या: सगळ्या ढगाचा हिशेब एकत्र मांडू नका. गाभ्यात घनता प्रचंड, त्यामुळे तिथला बहुतेक वायू ताऱ्यांतच खपतो. उरतो तो बाहेरच्या भागात. तो गेला तरी गाभ्याला फारसा धक्का बसत नाही. प्रारूपं (संगणकावरची मॉडेल्स) तरी असंच दाखवतात.

रोहिणी_शकट: पुढचं आयुष्य शेजारावर ठरतं. आकाशगंगेच्या केंद्राजवळचा आर्चेस गुच्छही असाच तरुण आणि दाट आहे, पण तिथली भरतीबलं (केंद्राच्या गुरुत्वाकर्षणाची असमान ओढ) त्याला काही कोटी वर्षांत विरवून टाकतील असा अंदाज आहे. मॅजेलनी मेघात ओढाताण कमी. तिथला एनजीसी १८६६ दहा-वीस कोटी वर्षांचा होऊनही शाबूत आहे. मात्र आर १३६ चं वस्तुमान गोलाकार गुच्छांच्या मानाने कमीच, त्यामुळे अब्जावधी वर्षांची पैज मी तरी लावणार नाही.

धागाकर्ता: दोघांचेही आभार! खटपट्या, गाभ्यातला किती टक्के वायू खपतो हे निरीक्षणातून मोजता येतं, की सगळी मदार प्रारूपांवरच?