किल्ल्याची माती यंदा कुठे?

गुरुवार, 9 ऑक्टोबर 2025

सचिव (ए-103): सर्व सभासदांना नमस्कार. दिवाळी आठ दिवसांवर आली. गेटवरचा आकाशकंदील आणि गच्चीच्या माळा रविवारी लागतील. वॉचमन मामा, सफाईच्या मावशी आणि माळीकाका यांच्या दिवाळीसाठी घरटी 300 रुपये सोमवारपर्यंत द्यावेत, म्हणजे धनत्रयोदशीच्या आधी त्यांच्या हातात पडतील. आता किल्ल्याबद्दल. गेल्या वर्षी बी विंगसमोर केलेल्या किल्ल्यावर रात्री अवकाळी पाऊस झाला, माती वाहून गटाराची जाळी बुजली आणि पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं. यंदा तिथे नवे पेव्हर ब्लॉक बसवलेत. कमिटीचं मत असं आहे की मातीचा किल्ला नको. तयार किल्ला विकत मिळतो, तो आणून लॉबीत ठेवू. मुलांनी त्यावर महाराज, मावळे मांडावेत, दिवे लावावेत.

बी-101 काका: योग्य निर्णय. ते पाणी माझ्याच दारात आलं होतं. दोन दिवस घरात चिखलाचा वास होता.

सी-402: पाठिंबा. आजकाल तयार किल्लेही सुरेख असतात.

बी-302: सचिवसाहेब, गटाराचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्या रात्री फावडं घेऊन मीही खाली होते. पण किल्ला तयार आणला तर मुलांनी करायचं काय? परीक्षा चालू असताना आमच्या धाकट्याने सी विंगच्या फ्लॅटमधून निघालेल्या तुटक्या विटा वॉचमन मामांना सांगून बाजूला ठेवून घेतल्यात. चौदा मुलं आहेत. त्यातल्या सहा जणांची एरवी एकमेकांशी ओळखसुद्धा नाही, वेगवेगळ्या शाळा, वेगवेगळे क्लास.

सी-402: सजवतील की सगळी मिळून.

बी-302: सजवायला अर्धा तास लागतो ताई. करायला चार दिवस लागतात. मला ते चार दिवस हवेत.

ए-204 आजी: मी इथे सहसा लिहीत नाही. मी सांगते आणि नात लिहिते आहे. माझं माहेर साताऱ्याचं. मागच्या दारातून अजिंक्यतारा दिसायचा आणि आम्ही भावंडं अंगणात प्रतापगड करायचो. खरा किल्ला समोर असताना हा कशाला, असं कुणी कधी विचारलं नाही. वसुबारसेच्या चार दिवस आधी थोरला भाऊ माती चाळायला बसायचा. खडा राहिला तर लिंपताना हाताला लागतो आणि वाळल्यावर तिथूनच भेग जाते. खाली दगड-विटा रचायच्या. त्यावर जुनं गोणपाट चिखलात बुडवून, न पिळता तसंच टाकायचं. ते बसलं की डोंगराच्या सोंडा आपसूक तयार होतात, मुद्दाम काढाव्या लागत नाहीत. मग वरून पातळ चिखल, तळहाताने. मोठ्यांनी पाणी आणून द्यायचं, बाकी हात लावायचा नाही, असा वडिलांचा दंडक होता. एरवी मुलींना चिखलात हात घालू देत नसत. या चार दिवसांत मात्र मला कुणी काही बोलायचं नाही. म्हणून मला फराळापेक्षा किल्ला जास्त आठवतो. तयार किल्ला आणायचा तर आणा, पण मुलांना कुठेतरी माती मिळू द्या.

बी-101 काका: आजी, तुमच्या शब्दाबाहेर जावंसं वाटत नाही. पण पाणी माझ्या दारात येतं हो.

ए-204 आजी: तुमचंही खरं आहे. ज्याच्या दारात पाणी येतं त्याला विचारूनच करायला हवं.

सी-301: जागा बदलली तर? मागच्या बागेत पाण्याच्या टाकीशेजारी कोपरा रिकामा आहे. उतार नारळाच्या आळ्याकडे आहे, गटाराकडे नाही. खाली ताडपत्री घालू, कडेने विटांचा एक थर लावू, रात्री वरून दुसरी ताडपत्री. माती सुटली तरी आळ्यात जाईल.

सचिव (ए-103): शनिवारी सकाळी जागेवर जाऊन बघू. बी-101 काका, तुम्हीही या. तुमची हरकत राहिली तर विषय तिथेच संपवू.

शनिवार, 11 ऑक्टोबर

सचिव (ए-103): जागा पाहिली. सी-301 यांनी दोन बादल्या पाणी ओतून दाखवलं, सगळं आळ्यात गेलं. बी-101 काकांची हरकत नाही. बागेत मातीचा किल्ला करायला परवानगी. ताडपत्री रोज रात्री दहाला घालायची, ती जबाबदारी मोठ्यांची. माती नर्सरीतून सहा पोती मागवतो, घरटी 50 रुपये येतील.

बी-302: मनापासून धन्यवाद. मुलं खाली नाचताहेत.

बी-101 काका: माती चाळायची मोठी चाळणी माझ्याकडे आहे. गावाकडची. घेऊन जा.

सी-301: आता किल्ला कोणता? माझं मत राजगड. पुण्यात राहून दुसरा कशाला? महाराजांची सव्वीस वर्षं राजधानी तिथे होती. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, मधे बालेकिल्ला. मुलांना माची म्हणजे काय ते हाताने कळेल. संजीवनीची दुहेरी तटबंदी करता आली तर बघायलाच नको.

बी-402: सिंधुदुर्ग करा ना! भोवती पाणी भरता येईल. 1664 साली पाया घातला आणि तीन वर्षांत पुरा केला, भर समुद्रात. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. मी लहानपणी मालवणहून होडीतून गेले तेव्हा आधी त्या विहिरीच बघितल्या होत्या. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

सी-301: पाण्याने पुन्हा गळती होईल.

बी-402: हो, तेही आहे.

सी-204 अक्का: नमस्कार. एक विचारू का? पुण्यात अठरा वर्षं झाली, पण किल्ल्याच्या चर्चेत मी कधी बोलले नाही. हा तुमचा विषय असं वाटायचं. यंदा जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले ना? अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आम्ही सेंजी म्हणतो. माझं गाव तिंडिवनम, तिथून बसने तासाभरावर. शाळेची सहल दर वर्षी तिथेच जायची. आम्हाला तिथल्या राजा देसिंगाची गोष्ट सांगायचे. राजाराम महाराजांचं नाव मी पहिल्यांदा पुण्यात, माझ्या मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलं आणि रात्री आप्पांना फोन केला, की आपल्या सेंजीचं नाव इथल्या पुस्तकात आहे. मुलगी म्हणते, या वर्षी आपण जिंजी करूया. तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय.

(ग्रुपवर दहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.)

ए-204 आजी: अक्का, अठरा वर्षं गप्प बसलात? तुमचा विषय नाही कसा? रायगड पडला तेव्हा स्वराज्याला आसरा तुमच्या गावच्या डोंगराने दिला.

सी-301: राजगडाचा माझा हट्ट मागे घेतो. 1677 मध्ये महाराजांनी दक्षिणेच्या स्वारीत जिंजी घेतली. पुढे 1689 मध्ये राजाराम महाराज तिथे पोहोचले आणि झुल्फिकारखानाला तो किल्ला घ्यायला 1698 उजाडलं. तोवर महाराज निसटून महाराष्ट्रात आलेले. इतकी वर्षं मोगलांची फौज तिथे अडकून पडली म्हणून इकडे संताजी-धनाजींना रान मोकळं मिळालं. हे मी वाचलंय पुष्कळ, पण त्याचा किल्ला करावा असं एकदाही मनात आलं नाही.

बी-302: अक्का, तो दिसतो कसा? मुलं विचारताहेत.

सी-204 अक्का: तीन डोंगर आहेत, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी. तिन्हींना जोडणारी एकच मोठी तटबंदी. डोंगर तुमच्या सह्याद्रीसारखे नाहीत, कडे नाहीत, कातळाचे थर नाहीत. मोठमोठे गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे. राजगिरीच्या माथ्याजवळ एक खोल घळ आहे, तिच्यावर लाकडी पूल. तो पूल काढून घेतला की वर कुणी येऊ शकत नाही. लहानपणी मला त्या पुलाची फार भीती वाटायची, आई हात धरून न्यायची.

बी-302: मुलांनी पूल वाटूनही घेतला! आईस्क्रीमच्या काड्यांचा करणार.

सी-402: मग गोणपाट नको. गोल दगड लागतील. नदीकाठी सासऱ्यांचं शेत आहे, उद्या तिथे जातोय, डिकी भरून आणते.

सोमवार, 13 ऑक्टोबर

ए-204 आजी: आज खाली खुर्ची टाकून बसले होते. हळीव पेरले. मुलं मोहरी घेऊन आली होती, मी परत पाठवली. मोहरी उतारावरून घरंगळते आणि सगळी खाली पायथ्याशी उगवते. हळीव पाणी लागलं की बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतो, डोंगराच्या पोटावरसुद्धा. वसुबारसेला हिरवं दिसेल. पाणी मात्र हाताने शिंपडायचं, पाइप लावायचा नाही.

बी-302: मी कसबा पेठेत कुंभारवाड्यात जाऊन आले. मातीचे मावळे, तोफा, एक भाजीवाली, एक वासुदेव, गाय-वासरू. सिंहासनावरचे महाराज आपल्याकडे आहेतच. पण जिंजीवर राजाराम महाराज हवेत, ते कुणाकडेच नाहीत.

सी-204 अक्का: आमच्या गोलूत एक राजा आहे, मातीचाच. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो ना आम्ही, त्यातला. लग्नात आईने दिलेला. दसरा झाला की सगळ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवतो, पुढच्या वर्षीपर्यंत काढत नाही. हा एक काढते. चालेल का?

ए-204 आजी: चालेल का काय? सांभाळून आणा. रात्री तो घरी न्यायचा, पावसात ठेवायचा नाही.

शुक्रवार, 17 ऑक्टोबर, वसुबारस

सचिव (ए-103): किल्ला पाहून आलो. गाय-वासरू पायथ्याला ठेवलंय, तिथे पणती लावली. हळीव बोटभर आला आहे. सी-402, तुमचे दगड फार शोभताहेत. सगळ्यांनी लहान मुलांना घेऊन जावं.

सी-402: खरं सांगते, तयार किल्ल्याला मीच पहिली पाठिंबा दिला होता. काल माझा मुलगा साडेदहापर्यंत खाली होता. वर आला तो कोपरापर्यंत चिखल, आणि न बोलवता जेवायला बसला. पोळीला नको म्हटलं नाही.

बी-402: दिवाळीच्या पहाटे कुणाकडे पोहे? आमच्या गोव्यात, फोंड्याला, नरकचतुर्दशीला पोह्यांचे पाच-सहा प्रकार असतात, गुळाचे, दह्याचे, ताकातले, बटाट्याचे. आंघोळीआधी तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि मग फोव. मी यंदा जास्त करणार आहे, ज्यांना हवेत त्यांनी आठपर्यंत डबा घेऊन या.

सी-204 अक्का: आमच्याकडेही त्याच दिवशी पहाटे तेल लावून आंघोळ. मग दिवसभर जो भेटेल त्याला विचारायचं, "गंगास्नानम् आच्चा?" म्हणजे झाली का गंगेची आंघोळ?

ए-204 आजी: आणि उटणं? उटणं नाही का तुमच्यात?

सी-204 अक्का: नाही आजी, तिळाचं तेल आणि शिकेकाई. वरून लेहियम, आलं-मिरी-गुळाचं औषध. आधी ते खायचं, मग फराळ.

ए-204 आजी: ते मला थोडं पाठवा. चकल्यांनी पोट बिघडतंच.

गुरुवार, 23 ऑक्टोबर, भाऊबीज

ए-302: एक सुचवू का? शेवटच्या दिवशी आमच्या लहानपणी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायचो. मुलं विचारताहेत.

बी-402: माझा विरोध आहे. गोव्यात आम्ही पहाटे नरकासुर जाळतो, पण तो नरकासुर आहे. किल्ला का उडवायचा?

सी-301: मलाही पटत नाही. आठ-नऊ वर्षं तोफांनी जो पडता पडेना, तो आपण आपल्या हाताने फोडायचा?

ए-302: बरोबर आहे. शब्द मागे घेतो. मुलांना सांगतो.

सचिव (ए-103): रविवारी सकाळी दहाला किल्ला उतरवू. आधी मावळे आणि अक्कांचा राजा काढायचा, मग दगड, शेवटी माती. ती पोत्यात भरून टेंपोने बाहेर टाकायचा विचार होता.

ए-204 आजी: टाकायची कशाला? चाळलेली लाल माती आहे, त्यात हळिवाची मुळं. तुळशीचं लग्न आलं. प्रत्येकाने वृंदावनातली जुनी माती काढून ही भरावी. उरली तर माळीकाकांना द्या.

सचिव (ए-103): उत्तम. रविवारी येताना घरटी एक बादली आणावी.

रविवार, 26 ऑक्टोबर

बी-302: किल्ला उतरला. काड्यांचा पूल अक्कांच्या मुलीने घरी नेला. एकवीस घरांनी माती नेली, दीड पोतं शिल्लक आहे.

बी-101 काका: ते कुणाला देऊ नका. माझ्या दारापाशी दोन कुंड्या ठेवाव्यात म्हणतो. पाठ दुखते, मला उचलवणार नाही.

बी-302: मुलं निघालीत काका. दार उघडं ठेवा.